७ ते ४५ पट स्टिरिओ झूम मायक्रोस्कोप, पाणभुंग्यांवर दोन पावसाळे वापरून

गेल्या वर्षी जूनमध्ये हा मायक्रोस्कोप घेतला, आता दुसरा पावसाळाही त्याच्यावर काढून झाला म्हणून लिहितेय. घेताना मी जे रिव्ह्यू वाचले ते एकतर मोबाइल रिपेअरवाल्यांचे होते नाहीतर दागिने पारखणाऱ्यांचे, आणि किडे बघणाऱ्याला यातनं काय हवं असतं ते कुणीच लिहिलं नव्हतं. मी कोकणात कॉलेजात झूऑलॉजी शिकवते आणि सात-आठ वर्षं पाणभुंगे गोळा करतेय, म्हणजे हायड्रोफिलिडी या कुळातले, इंग्रजीत ज्यांना वॉटर स्कॅव्हेंजर बीटल म्हणतात ते. तेव्हा हा रिव्ह्यू त्याच कामाच्या नजरेतून आहे. एखादा भुंगा खरंच नवीन प्रजातीचा आहे का हे ठरवायचं आणि त्याचं रीतसर वर्णन लिहायचं, त्यातलं किती काम या मशीनवर होतं आणि कुठे गाडी अडते, एवढंच सांगायचंय.

आधी मशीन. अंबाल्याचा माल, तीन नळ्यांचा म्हणजे ट्रायनॉक्युलर, आयपीस दहाचे, खालचं झूम ०.७ ते ४.५, म्हणजे एकूण ७ ते ४५ पट. वरून एलईडी रिंग, खालून वेगळा एलईडी. कुरिअर धरून ३१ हजारांना पडला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे एक तक्रार आहे, आणि शिवाय मी अजून दोन ठिकाणी चौकशी केली तर तिथेही हाच साचा वेगळं लेबल लावून दाखवला, त्यामुळे नावापेक्षा काय तपासून घ्यायचं ते कळलेलं बरं.

तक्रार आधीच सांगून टाकते. पहिलं पीस आलं ते दोन्ही डोळ्यांनी बघितलं की चित्र दोन दिसायचं, अगदी थोडंसं सरकलेलं. पहिले चार दिवस मला वाटलं माझंच नंबरचं काहीतरी आहे, चष्मा काढून बघितला, घालून बघितला, डायॉप्टर, म्हणजे आयपीसवरची नंबर जुळवायची कडी, फिरवून बघितलं, आणि रोज अर्ध्या तासात डोकं ठणकायला लागायचं. मग ग्राफपेपर खाली ठेवून एक डोळा मिटून बघितलं, दुसरा मिटून बघितलं, तर मधली रेघ एका डोळ्याला मध्यावर आणि दुसऱ्याला बाजूला! म्हणजे दोन नळ्या एकाच ठिकाणी बघतच नव्हत्या. विक्रेत्याने बदलून दिला पण त्यात पाच आठवडे गेले, आणि पाच आठवडे म्हणजे जूनचा बराचसा भाग आणि अर्धा जुलै, जो माझ्या कामाचा सगळ्यात मोलाचा काळ. तेव्हा तुम्ही घेतलात तर खोका उघडल्या दिवशीच ग्राफपेपरची ही टेस्ट करा, ७ पटीला आणि ४५ पटीला दोन्हीकडे, आणि व्हिडिओ काढून ठेवा.

दुसरं पीस मात्र चांगलं निघालं, आणि इथून पुढे त्याच्याबद्दलच.

पहिल्या रात्री मी त्याच्याखाली मेलेला नाही, जिवंत भुंगा ठेवला. स्टर्नोलोफस, भातखाचरात सगळीकडे असतो तो, सेंटीमीटरभर लांब, काळा. काचेच्या छोट्या वाटीत पाणी, त्यात एक शेवाळाची काडी धरायला, आणि झूम एकदम कमी. लेन्सपासून नमुन्यापर्यंतचं अंतर जवळजवळ १०० मिलिमीटर मिळतं त्यामुळे वाटी आरामात बसते. हा भुंगा श्वास कसा घेतो ते मी वर्गात कितीदा सांगितलंय पण डोळ्यांनी असं कधी बघितलं नव्हतं. तो वर येताना डोकं वर करून येतो, किंचित एका बाजूला कलतो, आणि एक मिशी पाण्याच्या पापुद्र्याला लावतो. मिशी म्हणजे टोकाला गाठ असलेली आखूड स्पर्शिका, एरवी डोक्याखाली लपवलेली असते. ती टेकली की तिच्या बाजूने हवेचा एक मार्ग तयार होतो आणि हवा खाली पोटाकडे जाते, तिथे पाणी न धरणारे अतिशय बारीक केस असतात, त्यांच्यात ती अडकते आणि अख्खं पोट चांदीचा वर्ख लावल्यासारखं चमकायला लागतं. डायव्हिंग बीटल म्हणतात ते दुसरे पाणकिडे बरोब्बर उलटे, ते शेपटीकडून वर येतात आणि मागचे दोन्ही पाय एकदम मारतात, आपला हा पाय आळीपाळीने हलवतो, म्हणजे पाण्यात चालल्यासारखा. नवीन मुलांना डबक्याच्या काठावर उभं राहून हे दोन फरक सांगितले की निम्मी ओळख तिथेच होते.

आणि ज्या लांब काड्या बघून सगळे "मॅडम, याच्या मिशा केवढ्या!" म्हणतात त्या मिशा नसतातच, त्या तोंडाच्या भागातल्या पाल्प असतात. मिशांचं काम श्वासाकडे गेलं तेव्हा चाचपायचं काम पाल्पनी घेतलं असं समजायला हरकत नाही. १० ते १५ पटीला हे सगळं सुरेख दिसतं, रंग खरे दिसतात, कडेला जांभळी झाक जवळजवळ नाही. यासाठी पूर्ण मार्क.

आता खऱ्या कामाकडे. जगात या कुळाच्या ३,००० च्या आसपास प्रजातींची नोंद झालेली आहे, काही १ मिलिमीटरच्या, काही हायड्रोफिलससारख्या ४-५ सेंटीमीटरच्या. सगळ्याच पाण्यात नसतात, काही शेणात राहतात, काही पाण्याच्या काठच्या ओल्या चिखलात. मला ज्यात रस आहे तो कोएलोस्टोमा हा गट काठावरचा, ४-५ मिलिमीटरचा, काळाभोर, घुमटासारखा फुगीर आणि आरशासारखा चकचकीत. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, पावसात जी डबकी भरतात त्यांच्या कडेचा चिखल हाताने पाण्यात ढवळला की हे वर तरंगतात आणि चहाच्या गाळणीने उचलता येतात. खरंच चहाची गाळणी, महागडी जाळी नको, बारीक जाळीची स्टीलची गाळणी सगळ्यात उत्तम.

अडचण अशी की कोएलोस्टोमाच्या प्रजाती वरून सगळ्या एकसारख्या दिसतात. अक्षरशः दहा भुंगे ओळीत मांडले तर तीन प्रजाती असू शकतात आणि तुम्हाला एकच वाटेल. म्हणून वेगळेपण शोधायला उलटं करून बघावं लागतं, छातीच्या खालच्या बाजूला मध्यावर बाणाच्या टोकासारखा एक उंचवटा असतो त्याचा आकार, पोटाच्या शेवटच्या खंडाच्या कडेला खाच आहे का, त्या खाचेत जाड केस आहेत का, आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नराचं जननांग, एडीगस, कारण निकाल बहुतेक वेळा तिथेच लागतो. पुण्याच्या मॉडर्न कॉलेजचे हेमंत घाटे सर, सायली शेठ आणि चेक संशोधक मार्टिन फिकाचेक यांनी भारतीय उपखंडातल्या कोएलोस्टोमांचा आढावा झूटॅक्सा या शोधपत्रिकेत छापलाय, आपल्याकडे या गटावर काम करणाऱ्याने तो आधी पूर्ण वाचायलाच हवा. मी तर प्रिंट काढून त्याला प्लास्टिकचं कव्हर घातलंय.

तर या काळ्या चकचकीत घुमटावर मशीनसोबत आलेली रिंग लाइट साफ नापास. साफ. पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांचं एक गोल कडं उमटतं, प्रत्येक एलईडीचा एक ठिपका, आणि त्यात पंखांवरचे बारीक टोचे, म्हणजे सुईने टोचल्यासारखे खड्डे, दिसेनासे होतात. वर्णनात तर टोचे किती दाट आहेत, बाजूकडे मोठे होत जातात का, मधली जागा गुळगुळीत आहे की बारीक जाळीदार, हे सगळं लिहायचं असतं. महिनाभर मी समजत होते की ४५ पट कमी पडतेय. विक्रेत्याने दोन पटीची जादा लेन्स सुचवली, ९० पट होईल म्हणाले, ती घेतली साडेतीन हजारांना. पैसे वाया. लेन्स लावली की खालचं अंतर इतकं कमी होतं की चिमटा आत जात नाही, उजेड कमी होतो, आणि मोठं दिसतं पण जास्त काही दिसत नाही.

उपाय निघाला ट्रेसिंग पेपरचा. दीड इंच उंच नळी करायची ट्रेसिंग पेपरची, ती भुंग्याभोवती उभी ठेवायची, रिंग बंद करायची आणि दोन्ही बाजूंनी साधे अभ्यासाचे एलईडी दिवे नळीवर मारायचे. पहिल्यांदा केलं तेव्हा मी उठून खिडकीशी जाऊन परत येऊन बघितलं, तोच भुंगा, तेच ४० पट, आणि पंखावरचा एकेक टोचा वेगळा, मोजता येईल असा. एका बाजूचा दिवा विझवला की प्रत्येक टोच्याला बारीकशी सावली येते आणि खोली कळते. खर्च वीस रुपये! म्हणून ज्यांचं बजेट मर्यादित आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की मोठ्या पटीच्या मागे लागू नका, ते पैसे उजेडावर लावा, चांगले दोन दिवे, मऊ मान असलेले, हवे तसे वाकवता येतील असे.

खालचा दिवा मात्र छान आहे आणि एडीगसच्या कामाला तोच लागतो. नर शोधायचा, सुकलेला असेल तर कोमट पाण्यात मऊ करायचा, बारीक सुईचं टोक आकड्यासारखं वाकवून पोटाच्या टोकातून हळूच ओढायचं, मग दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये थोडं गरम करून मांस विरघळवायचं, आणि ग्लिसरीनच्या थेंबात ठेवायचं. मधोमध एक दांडा, दोन्ही बाजूंना दोन पाकळ्यांसारखे पॅरामियर, खाली त्यांचा पाया. एवढंसं, मिलिमीटरच्या आसपासचं, आणि पिवळसर मधासारखं पारदर्शक. स्टिरिओमध्ये खोली दिसते त्यामुळे सुई नेमकी कुठे आहे ते कळतं, साध्या कंपाउंड मायक्रोस्कोपवर हे काम होऊच शकत नाही. इथे हे मशीन माझ्या अपेक्षेपेक्षा खूप चांगलं ठरलं, दोन तास सलग बसले तरी डोळ्यांवर ताण नाही, आणि एलईडी असल्याने ग्लिसरीन किंवा अल्कोहोल तापत नाही, कॉलेजातल्या जुन्या हॅलोजनखाली पेट्री डिशमधलं अल्कोहोल बघता बघता उडायचं.

पण चित्र काढायला ४५ पट पुरत नाही हेही तितकंच खरं. दांड्याचं टोक नेमकं कसं आहे, वीर्यछिद्र टोकापासून किती अंतरावर आहे, हे बघायला कंपाउंडवर १०० किंवा २०० पटीला जावंच लागतं. त्याला कुठलाही या किमतीचा स्टिरिओ उपाय नाही. काढायचं इथे, बघायचं तिथे. एखाद्या कॉलेजचा कंपाउंड वापरायला मिळत असेल तरच हा घ्या, नाहीतर अर्धं काम अडेल.

मोजमापाबद्दल एक गोष्ट, जी मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. झूमच्या चक्राला क्लिक नाहीये, ते गुळगुळीत फिरतं. बघायला छान वाटतं पण आयपीसमधली पट्टी झूमच्या एकाच ठिकाणी खरी असते, चक्र केसभर सरकलं की पट्टीचा एक भाग म्हणजे किती मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) ते बदलतं. नव्या प्रजातीच्या वर्णनात एकूण लांबी, सर्वांत जास्त रुंदी, एडीगसची लांबी हे आकडे द्यायचे असतात, ते पुढची शंभर वर्षं कुणीतरी वापरणार असतं, तिथे अंदाज चालत नाही. मी चक्रावर आणि बॉडीवर पांढऱ्या नेलपॉलिशचे ठिपके दिलेत, १, २ आणि ४ वर, आणि प्रत्येक ठिकाणी स्टेज मायक्रोमीटरने, म्हणजे १ मिलिमीटरचे १०० भाग केलेल्या काचपट्टीने, तपासून आकडे कागदावर लिहून स्टँडला चिकटवलेत. दर महिन्याला पुन्हा तपासते. घेताना शक्य असेल तर क्लिक असलेलंच झूम मागा.

फोटोसाठी तिसरी नळी आहे. सोबत मिळणारा कॅमेरा घेतला नाही, अडॅप्टर लावून माझाच फोन वापरते. फुगीर भुंग्याचा सगळा भाग एकदम फोकसमध्ये येणं शक्यच नाही म्हणून फोकस थोडा थोडा खाली नेत २५-३० फोटो काढायचे आणि ते सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करायचे, मी कंबाइन झेडपी वापरते, ते मोफत आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. फोकसची चाकं इथे जरा घट्ट आहेत, बारीक सरकवताना स्टँड थरथरतो, म्हणून प्रत्येक फोटोआधी दोन सेकंद थांबायचं. फोटो पेपरात छापण्याजोगे येतात का? अंगाचे येतात. एडीगसचे नाही येत, ते कंपाउंडवरच काढायचे.

कोकणातल्या माणसाने बुरशीचा विचार आधी करावा. जुलैत आमच्याकडे कपाटातल्या चपलांना बुरशी येते तर लेन्सचं काय घेऊन बसलात. आयपीस काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवते, निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर हलके भाजून परत डब्यात, आणि बाकी धड एका लाकडी कपाटात छोटा बल्ब लावून. अजून तरी लेन्स स्वच्छ आहेत.

दीड वर्षात या मशीनखालून जे गेलं त्यातले दोन क्षण सांगते. एक म्हणजे अँफिऑप्स, छोटा गोलसर भुंगा, त्याचे डोळे वर आणि खाली असे पूर्ण दुभंगलेले असतात, वरून बघताना दोन आणि उलटं केल्यावर पुन्हा दोन! आणि दुसरा रेजिंबार्टिया ॲटेन्युएटा, भातशेतातला ४ मिलिमीटरचा काळा, निमुळता. जपानच्या कोबे विद्यापीठातल्या शिन्जी सुगिउरा यांनी २०२० मध्ये दाखवलं की बेडकाने गिळलेले हे भुंगे ९० टक्क्यांहून जास्त वेळा सहा तासांच्या आत बेडकाच्या मागच्या बाजूने जिवंत बाहेर येतात, सगळ्यात लवकर आलेला सहा मिनिटांत. तो माझ्या पेट्री डिशमध्ये पाय हलवत होता तेव्हा मी त्याचे पाय बराच वेळ बघत बसले, याच पायांनी तो आतड्यातून वाट काढतो.

आणि शेवटी, मला जो प्रश्न सगळे विचारतात तो, नवीन प्रजाती सापडली का. माझ्याकडे एका सड्यावरचे कोएलोस्टोमाचे दोन नर आहेत ज्यांचं एडीगस छापलेल्या कुठल्याच चित्राशी जुळत नाही, पॅरामियर टोकाकडे बाहेर वळलेले आहेत आणि मधला दांडा त्यांच्याहून आखूड. पण दोन नरांवर मी काही बोलणार नाही. या गटाची कितीतरी जुनी नावं बेल्जियमच्या आर्माँ दॉर्शिमाँ यांनी शंभरेक वर्षांपूर्वी फ्रेंचमध्ये लिहून ठेवलीत, त्यांचे मूळ नमुने युरोपातल्या म्युझियममध्ये आहेत, आणि ते बघितल्याशिवाय "नवीन" म्हणणं म्हणजे एकाच भुंग्याला दुसरं नाव देऊन पुढच्याला निस्तरायला लावणं. सगळं जुळून आलं तर मग एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा अधिकृत मूळ नमुना, म्हणून निवडायचा, त्याला लाल लेबल, वर्णनात वापरलेले बाकीचे पॅराटाइप, नावाची व्युत्पत्ती, नेमकं ठिकाण, जवळच्या प्रजातींहून फरक. पेपर फक्त ऑनलाइन निघणार असेल तर प्राण्यांना नावं देण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतल्या २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे झूबँक या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी करून ती नोंद पेपरात छापावी लागते. आणि आपल्या २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नव्या प्रजातीचा नमुना ठरवून दिलेल्या संस्थेत जमा करायचा असतो, झूऑलॉजिकल सर्व्हे ही त्यातली एक, तिचं पश्चिम केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. सड्यावर गोळा करतानाही जमीन कोणाची आहे ते विचारून, आणि राखीव जंगल असेल तर वनखात्याच्या परवानगीनेच.

म्हणजे मशीनला पाचपैकी चार. एक मार्क रिंग लाइटचा आणि त्या पाच आठवड्यांचा कापला. किडे, बिया, मॉस, शेवाळ बघणाऱ्या कुठल्याही शिक्षकाने किंवा एमएस्सीच्या मुलाने डोळे मिटून नाही पण ग्राफपेपर घेऊन जरूर घ्यावा.

येत्या जूनमध्ये त्याच सड्यावर त्याच तीन डबक्यांशी जाणार आहे, निदान दहा नर मिळेपर्यंत. त्याआधी खालच्या दिव्याचा स्विच बदलून घ्यायचाय, हल्ली तो दोनदा दाबावा लागतो.